छोट्या विद्यापीठात नाटक, गाणं, नाच आणि चित्रप्रदर्शन एकत्र करताना कामं कुठल्या क्रमाने करायची

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांच्याकडे विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या कला महोत्सवाची जबाबदारी आलीये. म्हणजे विद्यार्थी विकास मंडळाचे सर-मॅडम, विद्यार्थी प्रतिनिधी आणि ती चार-सहा मुलं जी प्रत्यक्षात सगळं उभं करतात. मी इथे एक-दोन जिल्ह्यांपुरत्या विद्यापीठाची परिस्थिती धरलीये. तीनशे-चारशे खुर्च्यांचं एकच सभागृह, तेही मुळात भाषणांसाठी बांधलेलं, चित्रांसाठी लायब्ररीखालचा हॉल नाहीतर लांब पॅसेज, स्वतःचे स्टेज लाईट नाहीत, आणि साऊंडवाला गावातलाच, जो एरवी लग्नं आणि गणपती करतो.

असे बरेच महोत्सव बघून एक गोष्ट पक्की झालीये. मुलांची तयारी चांगली असते. संध्याकाळ वाया जाते ती दोन आयटमच्या मधल्या वेळेत. सेट उतरत नाही, तबला लागत नाही, माईक सापडत नाही, पाहुणे स्टेजवरून उठत नाहीत, आणि मग ज्या पोरांनी महिनाभर तालीम केली त्यांचा नंबर रात्री साडेनऊला रिकाम्या खुर्च्यांपुढे येतो. चित्रांचंही तसंच, बिघडतं ते जमा करणं आणि भिंतीवर लागणं यांच्या मधे. म्हणून खालचा सगळा क्रम ही मधली जागा आधी सांभाळायची या हिशेबाने लावलाय. पत्रिका आणि बॅनर यात खूप उशिरा येतात, ते मुद्दाम.

## टप्पा १: आयटम ठरवायच्या आधी सभागृह मोजा

टेप घेऊन जा आणि खरोखर मोजा, कारण "मोठं स्टेज आहे आपलं" यावर कुणालाच काही बसवता येत नाही. दोन विंगांमधली (स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या आडोशांमधली) रुंदी, समोरच्या पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, प्रत्येक विंगेत किती जागा आहे, आणि मागून या बाजूचं माणूस त्या बाजूला जाऊ शकतं का. भाषणांसाठी बांधलेल्या सभागृहात हा मागचा रस्ता बहुतेकदा नसतोच, आणि हे एकांकिकेच्या दिग्दर्शकाला आदल्या दिवशी कळलं तर अर्धं ब्लॉकिंग, म्हणजे नटांनी कुठून यायचं आणि कुठे उभं राहायचं, ते बदलतं.

मापं एका कागदावर साध्या आकृतीत काढा आणि प्रत्येक टीमला पाठवा. टीमने तालमीच्या वर्गात त्याच मापाची चौकट खडूने आखायची आणि त्यातच तालीम करायची. ही एवढी एक सवय लागली तरी नाच आणि नाटक दोन्हीचे निम्मे घोळ संपतात.

जोडीला एवढं बघून ठेवा:

- मागच्या दारातून ८ बाय ४ फुटांची प्लायची शीट आत येते का. नसेल येत तर नेपथ्य तुकड्यात करायला लागेल.
- सभागृहाचे दिवे आणि पंखे कुठून बंद होतात, आणि त्या बोर्डापाशी माणूस उभा करता येतो का.
- खिडक्यांना पडदे आहेत का. नसतील तर दुपारी तीनला ब्लॅकआऊट होणार नाही. एकतर काळं कापड लावा नाहीतर नाटकं अंधार पडल्यावर ठेवा.
- मुलींना आणि मुलांना कपडे बदलायला वेगळ्या खोल्या, आतून कडी, आरसा, चालू दिवा, जवळ पाण्याची सोय.

तपासा: सभागृहाची किल्ली कुणाकडे असते आणि रविवारी तो माणूस येतो का. हॉल बुक आहे पण कुलूप उघडायला कुणी नाही, असं फार होतं.

## टप्पा २: तारीख, मंजुरी, पैसे

इथे फार रेंगाळायचं नाही, पण क्रम चुकवायचा नाही. परीक्षा विभागाचं वेळापत्रक बघूनच तारीख ठरवा, प्रात्यक्षिक परीक्षा आणि अंतर्गत चाचण्या धरून. सहा ते आठ आठवडे हातात हवेत. युवा महोत्सवाच्या आसपास असेल तर चांगले साथीदार (तबला-पेटीची साथ करणारे) आणि परीक्षक आधीच कुठेतरी गुंतलेले असतात, त्यांना तारीख ठरायच्या आधीच फोन करा.

प्रस्ताव एकदाच, पूर्ण जाऊ दे. सभागृह, साऊंड, लाईट, जनरेटर, साथीदारांचं मानधन, परीक्षकांचा प्रवास, नाश्ता, चित्रं टांगायचं सामान, आणि आयत्या वेळच्या खर्चासाठी थोडी वेगळी रक्कम. साऊंड आणि लाईटची कोटेशन्स घेताना सामानाची यादी तुम्ही द्या आणि तीच यादी तिघांनाही द्या, नाहीतर प्रत्येकाचा दर वेगळ्याच सामानाचा असतो आणि तुलना होतच नाही. ॲडव्हान्स कुणाच्या नावावर निघणार आणि बिलं कुणाच्या नावाने हवीत हे लेखा विभागाला आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा.

टाळा: मंजुरी हातात यायच्या आधी बॅनर छापणं.

## टप्पा ३: संहितेचे हक्क आणि परवानग्या

हा भाग लोक शेवटी ठेवतात, आणि शेवटी तो होत नाही.

एकांकिका दुसऱ्या कुणाची असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या. बहुतेक लेखक कॉलेजच्या मुलांना आनंदाने देतात, काही मानधन सांगतात, ते द्या. संहितेत काटछाट करणार असाल तर तेही पत्रात सांगा. महाराष्ट्रात नाटकाच्या सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. मुलांनी स्वतः लिहिलेली एकांकिका पुढे बाहेरच्या स्पर्धेत न्यायची असेल तर ते आत्ताच करून टाका. त्यासाठी संहिता टाईप होऊन अंतिम झालेली हवी, म्हणजे "शेवट अजून बदलतोय" हे चालणार नाही.

गाण्यांबाबत गैरसमज खूप आहेत. कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम ५२ मधे शिक्षणसंस्थांना सूट आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी केलेलं सादरीकरण, आणि प्रेक्षकही विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच, अशी परिस्थिती असेल तर तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित असता. पण तिकीट लावलं, गावाला खुलं आमंत्रण दिलं, बाहेरचा बँड बोलावला, की चित्र बदलतं आणि मग परवाने विचारून घ्यावे लागतात. आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणं हे या सवलतीत येत नाही, हे विशेष लक्षात ठेवा. सिनेमाच्या गाण्यावरचा नाच तिथे टाकला की व्हिडिओवर हरकत येते.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. शिवाय शैक्षणिक संस्था, हॉस्पिटल, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, त्यामुळे स्थानिक पोलीस ठाण्यात आधी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. वेळापत्रक लावताना शेवटचा आयटम साडेनऊला संपेल असंच धरा.

## टप्पा ४: चित्रं आणि शिल्पं जमा करून घेणं

प्रदर्शन ही बाजूची गोष्ट समजली जाते, आलेली चित्रं कोपऱ्यात एकावर एक रचतात आणि आदल्या रात्री कुणीतरी दुहेरी टेप घेऊन भिंतीशी झगडत असतं. चित्र काढणाऱ्या पोराने त्यात कितीतरी रात्री घातलेल्या असतात, त्याच्या कामाला एवढा तरी मान हवाच.

जमा करायची शेवटची तारीख उद्घाटनाच्या किमान पाच दिवस आधी ठेवा. एका टेबलावर, एकाच माणसाने, फॉर्म भरूनच घ्यायचं. फॉर्मच्या दोन प्रती, एक तुमच्याकडे एक विद्यार्थ्याकडे. त्यात नाव, वर्ग, फोन, शीर्षक, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी), वर्ष, विक्रीला आहे का, आणि चित्र कुठल्या अवस्थेत आलं. कोपरा दुमडलेला असेल, काचेला तडा असेल तर तिथेच लिहा आणि मोबाईलवर फोटो काढा. नंतरचे वाद या एका फोटोने मिटतात. नंबराचा स्टिकर फ्रेमच्या मागे लावा. कागदाच्या पाठीवर स्केचपेनने लिहू नका, शाई पुढे उतरते.

माध्यमाप्रमाणे काळजी वेगळी लागते:

तैलरंगाचं चित्र वरून वाळल्यासारखं दिसायलाच कित्येक दिवस लागतात, जाड रंग असेल तर आठवडे. त्यामुळे ओलं चित्र घेऊ नका, घेतलंच तर उभं ठेवा, त्याच्या पृष्ठभागाला काहीही टेकू देऊ नका. ॲक्रिलिकलासुद्धा बबल रॅप थेट लावला तर फुग्यांचे ठसे उमटतात, मधे बटर पेपर घाला. चारकोल आणि पेस्टलवर फिक्सेटिव्ह (भुकटी झडू नये म्हणून मारायचा स्प्रे) मारलंय का विचारा, नसेल तर मोकळ्या हवेत मारून घ्या, आणि त्यावर प्लॅस्टिक कधी घालू नका कारण प्लॅस्टिक भुकटी ओढून घेतं. जलरंग थेट उन्हात उडतात, पश्चिमेची खिडकी समोर असेल ती भिंत त्यांना देऊ नका. कच्च्या मातीची शिल्पं ज्या पाटावर केली त्या पाटासकटच उचलायची, हाताला नाहीतर मानेला धरून नाही. कोकणात-गोव्यात पावसाच्या आसपास प्रदर्शन असेल तर फ्रेम आणि भिंत यात कॉर्कचे छोटे तुकडे लावून फट ठेवा, नाहीतर दमट भिंतीने कागद फुगतो.

तपासा: जमा झालेली चित्रं ज्या खोलीत आहेत तिथे छत गळतं का, आणि ती खोली दुसऱ्या कुणाच्या वापरात आहे का.

## टप्पा ५: चित्रं लावणं

पहिल्यांदा सगळी चित्रं ज्या भिंतीवर जाणार त्या भिंतीखाली जमिनीवर मांडून ठेवा आणि लांबून बघा. कुठलं मोठं, कुठलं गडद, कुठल्या दोघांचं एकमेकांशेजारी जमतंय. इथे अर्धा-एक तास शांतपणे द्या, भांडणंही इथेच होऊ द्या. मग खिळा.

उंचीचा नियम सोपा आहे: चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर. वरच्या किंवा खालच्या कडा एका रेषेत आणायचा मोह होतो, पण मापं वेगवेगळी असतील तर मध्य एका रेषेत ठेवलेलंच डोळ्याला बरं वाटतं. खिळ्याची उंची अशी काढा: मध्याची उंची, अधिक चित्राची निम्मी उंची, वजा दोरी ताणल्यावर ती फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते ते अंतर. समजा चित्र ६० सेंटिमीटर उंच आहे आणि ताणलेली दोरी वरून ८ सेंटिमीटर खाली येते, मध्य १४८ वर हवाय, तर १४८ + ३० - ८ म्हणजे १७० वर खिळा. दोन मुलं गणित करणार, दोन मुलं ठोकणार, एक जण लांबून सरळ बघणार, अशी टीम पुरते.

भिंतीला खिळे ठोकायला परवानगी नसेल तर सॉफ्टबोर्डचे स्टँड किंवा ईझल भाड्याने आणा. दुहेरी टेपवर फ्रेम टांगू नका, रात्री पडते. काचेच्या फ्रेमसमोर ट्यूबलाईट किंवा खिडकी येत असेल तर माणसाला चित्राऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो, तिथे ती फ्रेम नको. दिवा लावणार असाल तर वरून तिरपा पडू द्या, समोरून नाही.

लेबल सगळ्यांचं एकाच आकाराचं, एकाच बाजूला, एकाच उंचीवर. नावांचं शुद्धलेखन ज्याचं त्याच्याकडून तपासून घ्या.

रांगोळी सगळ्यात शेवटी घाला. पंखे बंद, खिडक्या बंद, भोवती दोरी, आणि सकाळी झाडायला येणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी प्रत्यक्ष भेटून सांगायचं. दारावर नुसती चिठ्ठी लावून भागत नाही.

## टप्पा ६: कार्यक्रमाचा क्रम लावणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि बहुतेक ठिकाणी तो दहा मिनिटांत "आधी गाणी, मग नाच, शेवटी नाटक" असा उरकतात. थोडं गणित करून बघा. बारा आयटम, प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे ७२ मिनिटं. पण मधे अकरा जागा आहेत आणि एकेक जागा सरासरी चार मिनिटं खाते, म्हणजे आणखी ४४ मिनिटं. ही ४४ मिनिटं कुठल्याच पत्रिकेत नसतात.

म्हणून आधी प्रत्येक आयटमपुढे तीन गोष्टी लिहा: स्टेजवर काय लागतं, ते आणायला किती मिनिटं, काढायला किती मिनिटं. मग खालच्या क्रमाने विचार करा.

पहिलं, सगळ्यात जड सेटची एकांकिका सुरुवातीला घ्या. तिचा सेट प्रेक्षक आत यायच्या आधीच लागलेला असतो, लाईट फोकस केलेले असतात, लोक ताजे असतात. ती संपली की पंधरा मिनिटं मध्यंतर, त्यात लोक प्रदर्शन बघायला जातील आणि मागे सेट उतरेल. दुसरी एकांकिका असेल तर ती मध्यंतरानंतर लगेच. मधे मध्यंतर न घेता दोन एकांकिका पाठोपाठ ठेवू नका.

दुसरं, उद्घाटन स्टेजवर करूच नका. सोफे, टेबल, पाण्याच्या बाटल्या, पोडियम हे सगळं आणणं आणि काढणं यात अर्धा तास जातो आणि मागचा सेट झाकावा लागतो. फीत, दीपप्रज्वलन आणि भाषणं प्रदर्शनाच्या दाराशी करा, तिथेच पाहुण्यांना चित्रं दाखवा, आणि मग सगळ्यांनी सभागृहात येऊन खुर्चीत बसायचं. पाहुण्यांनाही हे आवडतं. स्टेजवरच समई हवी असा आग्रह असेल तर ती पडद्यापासून लांब ठेवा आणि नंतर खालची फरशी कोरड्या फडक्याने दोनदा पुसा. तेलाचा एक थेंब किंवा झेंडूची एक पाकळी अनवाणी नाचणाऱ्या मुलीला पाडायला पुरते. स्टेजच्या कडेची रांगोळीही याच कारणासाठी नको, दारात काढा.

तिसरं, गायकांचा क्रम पट्टीप्रमाणे लावा. पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला सा धरून गायक गातो तो सूर. एक मुलगी काळी पाच, मग मुलगा काळी एक, मग परत काळी पाच असं ठेवलं तर तबलजीला प्रत्येक वेळी तबला बदलून हातोडी घेऊन बसावं लागतं आणि प्रेक्षक मोबाईल काढतात. एका पट्टीचे गायक एकापाठोपाठ घ्या. नाव नोंदवतानाच पट्टी विचारा, तबलजीला यादी आठवडाभर आधी द्या म्हणजे तो त्या त्या पट्टीचे तबले घेऊन येईल, आणि पुढच्या पट्टीचा तबला विंगेत लागत राहील. विंग म्हणजे अगदी आतली खोली, नाहीतर चालू गाण्यात ठोकठोक ऐकू येते.

चौथं, गाणी पडद्याच्या पुढे बसवता आली तर बघा, मागे नाचासाठी स्टेज मोकळं राहतं.

पाचवं, तीच मुलं दोन आयटममधे आहेत का हे तक्त्यात बघा. नऊवारी आणि पूर्ण रंगभूषा उतरवून दुसऱ्या भूमिकेत जायला अर्धा तासही कमी पडतो. अशा दोन आयटममधे मध्यंतर येऊ दे.

वेळेच्या मर्यादा युवा महोत्सवाप्रमाणेच ठेवा असं मी सुचवेन. एकांकिका ३० मिनिटं, स्किट १०, मूकाभिनय ५. यातली निवडलेली मुलं पुढे विद्यापीठाकडून "इंद्रधनुष्य" सारख्या आंतरविद्यापीठ महोत्सवाला जातात तेव्हा त्यांना परत सगळं कापायला लागत नाही.

तपासा: आयटमची मिनिटं आणि मधली मिनिटं यांची बेरीज साडेनऊच्या आत बसते का. बसत नसेल तर आयटम कमी करा किंवा दोन संध्याकाळी करा. "मुलांना पटापट करायला सांगू" हा उपाय कधीच चालत नाही. पत्रिका छापायची ती यानंतर.

## टप्पा ७: वीज, लाईट, साऊंड

१००० वॅटचा एक हॅलोजन दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर ओढतो. म्हणजे १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर जास्तीत जास्त तीन. बारा दिवे म्हणजे १२ किलोवॅट, ते तीन फेजवर वाटूनच घ्यायला लागतात, आणि सभागृहाचं वायरिंग ते सोसेल का हे विद्यापीठाच्या इलेक्ट्रिशियनने बघून सांगायला हवं, साऊंडवाल्याने नाही. एलईडी पार (एलईडीचे स्टेज दिवे) घेतले तर भार फारच कमी होतो, छोट्या सभागृहाला मी तेच घ्या म्हणेन. फक्त रंग मर्यादेत ठेवा. गंभीर प्रसंगात सतत बदलणारे रंग बघवत नाहीत. लाईटवाल्याला सांगा, ऑटो मोड बंद.

साऊंडची सगळी साखळी, म्हणजे मिक्सर, ॲम्प्लिफायर, कीबोर्ड, लॅपटॉप, एकाच फेजवर आणि लाईटच्या डिमरपासून (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रापासून) वेगळ्या फेजवर ठेवा, गुणगुण बरीच कमी होते. अर्थिंग तपासून घ्या, हे आवाजापेक्षा माणसाच्या जिवासाठी.

लग्नाच्या साऊंडवाल्याला मोठा आवाज द्यायची सवय असते, त्यात त्याचा दोष नाही, त्याला काय हवंय ते आपण सांगायचं असतं. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, नाहीतर शिट्टी येणार. गायकाला आणि तबलजीला स्वतःचं ऐकू यायला त्यांच्याकडे तोंड केलेला वेगळा स्पीकर, म्हणजे मॉनिटर. तबल्याला एक, डग्ग्याला एक माईक. कंडेन्सर माईक असतील तर मिक्सरवर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) आहे का विचारा, त्याशिवाय ते चालत नाहीत. एकांकिकेला स्टेजच्या कडेला जमिनीवर दोन-तीन माईक पुरतात, त्यांच्याखाली फोमचा तुकडा ठेवा, पायांचा धडधड आवाज येत नाही. आणि मुलांना माईकच्या भरवशावर हळू बोलू देऊ नका.

नाचाचे ट्रॅक दोन दिवस आधी गोळा करा, क्रमांक घालून एकाच फोल्डरमधे, दोन पेनड्राईव्हवर. ब्लूटूथ नको. फोनवरून वाजवायचंच असेल तर एअरप्लेन मोडवर.

सावध: केबल नाचणाऱ्यांच्या वाटेत नको. जिथे ओलांडायलाच लागते तिथे पूर्ण लांबीभर टेपने चिकटवा, मधेमधे तुकडे लावून सोडू नका.

## टप्पा ८: तांत्रिक तालीम

ही आदल्या दिवशीच होते, कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी होत नाही. अभिनयाची तालीम इथे करायची नाही. फक्त प्रवेश, निर्गम, लाईट बदल, आवाज आणि सेटची अदलाबदल. सेटच्या प्रत्येक वस्तूची जागा जमिनीवर रंगीत टेपने मार्क करा, प्रत्येक एकांकिकेला वेगळा रंग. मग सेट लावणं आणि उतरवणं घड्याळ लावून दोनदा करा. हे मुलांना कंटाळवाणं वाटतं, तरी करायलाच लावा, कारण ती ४४ मिनिटं इथेच वाचतात.

प्रत्येक टीमकडून क्यू शीट घ्या: अनुक्रम, कुठल्या वाक्यावर किंवा हालचालीवर, लाईट काय, आवाज काय. "चौथ्या मिनिटाला" असं लिहिलेला क्यू चालत नाही, नट रोज वेगळ्या वेगाने बोलतो.

साऊंड चेक उलट्या क्रमाने घ्या. शेवटचा आयटम आधी, पहिला आयटम सगळ्यात शेवटी. म्हणजे चेक संपतो तेव्हा स्टेजवर पहिल्या आयटमचीच मांडणी असते आणि काही हलवायला लागत नाही. प्रत्येकाची मिक्सरवरची सेटिंग मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

तंतुवाद्यं आणि तबले कार्यक्रमाच्या अर्धा-पाऊण तास आधी सभागृहाच्या हवेत आणून ठेवा. बाहेरच्या दमट हवेतून एसीत किंवा लाईटच्या उष्णतेत आली की उतरतात-चढतात, सुरुवातीला लावलेलं पहिल्याच गाण्यात हलतं.

## टप्पा ९: कार्यक्रमाचा दिवस

स्टेजचा ताबा एकाच व्यक्तीकडे. विंगेत उभी असलेली, हातात क्रम आणि घड्याळ, आणि तिचा शब्द सरांपासून मुलांपर्यंत सगळ्यांनी ऐकायचा. हे आदल्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करा. पुढचा आयटम विंगेत आणि त्याच्या पुढचा मेकअप रूमच्या दाराशी तयार, असा नियम ठेवा. विंगेत निळा कागद लावलेला एक छोटा दिवा हवा, ब्लॅकआऊटमधे पोरं ठेचकाळतात. लाईट-साऊंडच्या टेबलाशी निरोप न्यायला एक पळणारा मुलगा ठेवा, गर्दीत फोन लागत नाहीत.

पहिली घंटा पंधरा मिनिटं आधी, दुसरी पाच मिनिटं आधी, तिसरी झाली की पडदा. पाहुणे आले नसतील तरी. हे कुलगुरूंच्या कार्यालयाशी आधी बोलून ठेवा म्हणजे त्या वेळी कुणा विद्यार्थ्याला निर्णय घ्यायला लागत नाही.

निवेदकाला प्रत्येक जागेसाठी पाऊण मिनिटाचं बोलणं द्या आणि शिवाय दोन-तीन मिनिटांचा राखीव मजकूर, सेट अडकला तर. प्रत्येक आयटमला मान्यवरांची नावं परत घ्यायची नाहीत. निकालाला फक्त पहिले तीन क्रमांक स्टेजवर, सहभागाची प्रमाणपत्रं दुसऱ्या दिवशी विभागातून.

प्रदर्शनात दोन-दोन तासांच्या पाळीने दोन मुलं कायम हवीत, संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या वेळीही. खाणं-पिणं आत नाही, पाठीवरच्या बॅगा बाहेर ठेवायच्या, कारण मागे वळताना बॅगच फ्रेमला लागते. अभिप्रायाची वही आणि पेन ठेवा, ज्याचं चित्र आहे तो ती वही नंतर किती वेळा वाचतो हे बघितलं की कळेल ती का ठेवायची.

सावध: नाटकात आग, कंदील, उदबत्ती काहीही खरं पेटणार असेल तर विंगेत वाळूची बादली आणि एक माणूस. तांत्रिक तालमीत दाखवलेलं नसेल तर प्रयोगात पेटवायचं नाही.

## टप्पा १०: उतरवणं, परत देणं, हिशेब

चित्रं घाईने त्याच रात्री काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, लावलेल्या टीमनेच. प्रत्येक चित्र जमा करतानाच्या फोटोशी ताडून बघा, फॉर्मच्या दोन्ही प्रतींवर परत मिळाल्याची सही घ्या. मित्राकडे द्यायचं असेल तर मूळ विद्यार्थ्याचा लेखी मेसेज हवा. चित्र विकलं गेलं असेल तर पैसे आणि चित्र यांची पावती एकाच वेळी. भिंतीची भोकं बुजवून द्या, पुढच्या वर्षी हॉल मागायला जायचंय.

भाड्याचं सामान येतानाच्या यादीप्रमाणे मोजून परत करा, केबल आणि माईकचे क्लिप विशेषतः. मानधनाच्या पावत्यांवर सह्या त्याच संध्याकाळी घ्या, साथीदार गावाला गेले की महिनाभर मागे लागायला लागतं. बिलांवर तारीख, जीएसटी क्रमांक आणि ठरलेलं नाव आहे का बघून ॲडव्हान्सचा हिशेब आठवड्याभरात द्या.

न नेलेल्या चित्रांची यादी नावासकट करा, नेण्याची शेवटची तारीख विभागाच्या फलकावर आणि ग्रुपवर टाका, आणि ती चित्रं कुलूप असलेल्या कपाटात जमिनीपासून थोडी वर, उभी ठेवा, एकमेकांकडे पाठ नाहीतर तोंड करून, मधे पुठ्ठा घालून.